टिचबटण : सुटावे, पण निघू नये

काही वस्तू इतक्या लहान असतात आणि इतक्या नित्य आपल्या हाती येतात, की त्यांच्याविषयी विचार करण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. टिचबटण ही अशीच एक वस्तू. तान्ह्या मुलाच्या झबल्यावर, बायकांच्या पोलक्यावर, पैशांच्या पाकिटावर, पावसाळी डगल्याच्या गळ्याशी ते असते. दोन बोटांत धरून दाबले की ‘टिच्’ असा आवाज होतो आणि आपले काम होते. तो आवाज कोठून आला, कशाने आला, हे विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही.

मलाही ती वाटली नसती. पण एकदा आमच्या घरी आलेल्या नऊ महिन्यांच्या एका पाहुण्याच्या मुठीत काहीतरी चकाकताना दिसले. मूठ सोडवून पाहिली, तर त्याच्याच झबल्याचे टिचबटण निघाले. मूठ तोंडाशी जाण्यापूर्वी कोणाचे तरी लक्ष गेले, म्हणून बरे. वडील मंडळींनी तत्काळ निकाल दिला, “आमच्या वेळी बंद होते, तेच चांगले होते.” तरुण मंडळींनी बटण करणाऱ्याच्या नावाने बोटे मोडली. मी ते बटण उचलून टेबलाच्या खणात ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर त्यात काहीच बिघडलेले नव्हते. त्याचे दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसलेले होते, आणि एका अंगाला रुपयाहून लहान अशी कापडाची गोल चकती चिकटलेली होती. बटण शाबूत होते. मग ते निघाले कसे? या प्रश्नाचे उत्तर मला पुढे बंगळूरला मिळाले. तेथे पोहोचण्यापूर्वी या वस्तूची रचना समजून घेतली पाहिजे.

वस्त्राच्या दोन कडा एकत्र आणण्याचे उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. चोळीला गाठ असे, कुंचीला आणि झबल्याला बंद असत. बाराबंदी या अंगरख्याचे नावच त्याच्या बारा बंदांवरून पडले. पुढे गुंडी आणि काज आले, मग हूक आणि आकडा आला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. बांधणाराच सोडतो, आणि सोडण्यासाठी त्याला नेमकी उलट क्रिया करावी लागते. गाठ ओढून सुटत नाही, उलट आवळते. गुंडी ओढली तर काजातून निघत नाही, तिचा दोरा तुटतो. टिचबटणाची गोष्ट निराळी आहे. ते ओढल्यावर सुटते, आणि ओढल्यावर सुटावे अशाच हेतूने ते केलेले असते. किती ओढले म्हणजे सुटावे, हे ते करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. धातूच्या या लहानशा चकतीत एक माप दडलेले आहे, आणि तिची सारी कारागिरी त्या मापाभोवती फिरते.

कापडावर दाबून बसवलेल्या टिचबटणाचे साधारणपणे चार भाग असतात. वरून दिसते ती टोपी. कापडाच्या आतल्या बाजूने तिच्याशी जखडलेली असते ती मादी. समोरच्या पट्टीवर असतो तो नर. आणि त्या नराला मागून धरून ठेवणारी असते ती चौथी कडी. नर आणि मादी ही कारागिरांचीच नावे आहेत. नराचे डोके अळंबीसारखे असते: वर फुगीर, खाली मानेशी बारीक. मादी म्हणजे एक उथळ वाटी. तिच्या तोंडाशी तारेची स्प्रिंग बसवलेली असते. काहींत ही स्प्रिंग म्हणजे एका ठिकाणी खंडित असलेले कडे असते, तर काहींत समोरासमोर बसवलेल्या दोन वाकड्या तारा असतात. या तारांमधील फट नराच्या फुगीर भागाहून किंचित अरुंद ठेवलेली असते. तो ‘किंचित’ एका मिलिमीटरहूनही बराच लहान असतो.

आता आपण बटण दाबतो तेव्हा काय होते? नराच्या डोक्याचा उतार तारांना बाजूला सारू लागतो. तारा ताणल्या जातात. फुगीर भाग पलीकडे गेला, की ताणलेल्या तारा एकाएकी मिटतात आणि नराच्या मानेला वेढतात. तो ‘टिच्’ आवाज या मिटण्याचा. उघडताना हाच प्रवास उलट होतो. पण या वेळी तारांना फुगीर भागाच्या खालच्या अंगाने चढावे लागते. घाटाच्या दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही. एका बाजूने चढण सोपी असते, दुसऱ्या बाजूने उभा कडा असतो. नराच्या डोक्याला वरून सौम्य उतार दिला आणि खालून तो उभा ठेवला, तर बटण सहज लागते आणि कष्टाने सुटते. तारेची जाडी, धातूचा लवचीकपणा, फटीची रुंदी आणि हे दोन उतार यांचा मेळ म्हणजेच टिचबटणाची रचना. तार कितीही वेळा ताणली तरी मूळ आकारावर आली पाहिजे, म्हणून तिच्यासाठी फॉस्फर ब्राँझसारखा लवचीक धातू घेतात. तारेचा ताण तिच्या सोसण्याच्या मर्यादेबाहेर गेला, तर ती वाकलेलीच राहते, आणि महिन्याभरात बटण सैल पडले अशी तक्रार येते.

आणखी एक खुबी आहे. पोलके अंगावर ताणले जाते तेव्हा ताण कापडाच्या पृष्ठभागाला समांतर असतो. त्या वेळी नराची मान वाटीच्या काठावर टेकते आणि सारा भार तो काठ सोसतो. तारेवर फारसा ताण येतच नाही. उलट आपण बोटाने पट्टीची कड उचलतो तेव्हा वाटी तिरपी होते, एका बाजूची तार आधी सुटते, दुसरी मागाहून. म्हणून चालताना, वाकताना, हात उंच करताना जे बटण सुटत नाही, ते बोटाच्या एका हिसक्याने उघडते. याच तत्त्वाचा पुढचा टप्पा म्हणजे मोटारींचे कापडी टप आणि लष्करी सामानाच्या पिशव्या यांवरील एकदिशी बटण. ते तीन बाजूंनी ओढले तरी सुटत नाही. ठरावीक चौथ्या बाजूनेच उचलावे लागते.

ही युक्ती फार जुनी नाही. १८८५ मध्ये जर्मनीतील फोर्झहाइम येथील हेरिबर्ट बाउअर याने पुरुषांच्या विजारींसाठी अशा स्प्रिंगच्या बटणाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आल्बेर-प्येर रेमों याने हातमोज्यांसाठी तशीच योजना केली. ग्रनोब्ल हे हातमोज्यांचे मोठे केंद्र होते. आणि एक हात मोज्यात अडकलेला असताना दुसऱ्या हाताने काजात गुंडी घालणे किती जिकिरीचे, हे त्या गावाला कोणी सांगावयास नको होते. १९०३ मध्ये जर्मनीतील हान्स प्रिम याने मादीच्या वाटीत वळणदार तार बसवून ही रचना सुधारली. आपल्या आयाआज्यांनी सुईदोऱ्याने शिवली ती टिचबटणे या घराण्यातली.

या इतिहासात एक नाव भारतीय श्रोत्यांना चकित करील असे आहे. १९०२ मध्ये यिंद्रिख वाल्देस या उद्योजकाने प्रागमध्ये टिचबटणांचा कारखाना काढला. एवढीशी तार एवढ्याशा वाटीत हाताने बसवणे हे डोळे आणि बोटे शिणवणारे काम होते. वाल्देसचा भागीदार हिनेक पुत्स याने ती तार बसवणारे यंत्र तयार केले, आणि टिचबटण स्वस्त झाले. त्या बटणांना त्यांनी नाव दिले ‘कोहिनूर’. गोवळकोंड्याच्या प्रदेशातून निघाल्याचे मानले जाणाऱ्या हिऱ्याचे नाव असे प्रागच्या टिचबटणावर जाऊन बसले. वाल्देसने बटणांचे आणि बंदांचे संग्रहालयही १९१८ मध्ये उघडले. तो ज्यू होता. १९३९ मध्ये नाझींनी त्याला पकडून छळछावणीत टाकले. कुटुंबाने खंडणी भरल्यावर तो सुटला, पण अमेरिकेच्या वाटेवर असतानाच १९४१ मध्ये हवानात त्याचे निधन झाले. पुढे त्याच्या कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही अशा वस्तूमागेही माणसाचे एवढे प्राक्तन असू शकते.

आता बंगळूरकडे वळू. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराचा मराठीशी संबंध आहे. चिकपेठ आणि तिच्या आसपासच्या पेठांच्या या शहरात भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील, घरी मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कापडाचा आणि शिवणाचा व्यवसाय येथे जुना आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली. १८८४ मध्ये लोकरी, सुती आणि रेशमी कापडाची मोठी गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तयार कपड्यांचे कारखाने निघाले आणि बंगळूर हे परदेशी जाणाऱ्या कपड्यांचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले. या कारखान्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. युरोप-अमेरिकेतील कितीतरी मुलांच्या अंगावरची टिचबटणे त्यांच्या हातांनी बसलेली असतात.

माझ्या खणातले बटण मी प्रथम पेठेतल्या एका वृद्ध शिंपीकाकांना दाखवले. त्यांचा हात हाताने शिवायच्या टिचबटणांवर बसलेला. नराच्या टोकाला खडू लावायचा, पट्टी मिटून दाबायची, म्हणजे मादी कोठे शिवायची ती खूण समोरच्या कापडावर आपोआप उमटते, ही युक्ती त्यांनीच मला दाखवली. नर वरच्या पट्टीच्या आतून, मादी खालच्या पट्टीवर. चार भोकांतून प्रत्येकी तीन-चार टाके. आणि पातळ कापड असेल तर खाली बकरमचा तुकडा. माझ्या बटणाकडे पाहून ते म्हणाले, “साहेब, धरून ठेवायचं काम कापडाचं असतं. बटण नुसतं मिटतं.” तेव्हा मला हे वाक्य नीट उमगले नाही.

ते उमगले कपड्यांच्या एका कारखान्यात. तेथील प्रेसखाली एक तरुण बाई झबल्यांना टिचबटणे बसवीत होत्या. खालच्या डायमध्ये एक भाग, वरच्या डायमध्ये दुसरा, मध्ये कापडाची पट्टी. क्षणात प्रेस खाली येई आणि टोपीचे दाते कापड भेदून पलीकडच्या भागात वळून बसत. डायभोवती बोट आत जाऊ नये म्हणून संरक्षक कडे होते. ते काढून काम केले तर काय होईल, हे सांगण्याची जरुरी नाही. दर थोड्या वेळाने त्या बाई एक नग हाती घेऊन टोपी अंगठ्याने फिरवून पाहत. टोपी फिरली तर दाब कमी पडला. फिरली नाही, पण टोपीचा घुमट चेपला किंवा कडेला कापड चिरले, तर दाब अधिक झाला. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे, आणि कापड बदलले की ती बदलते. दोन पदरी जाड कापडाला लावलेला दाब एकपदरी होजिअरीला लावला, तर तेच दाते कात्रीचे काम करतात. म्हणून पातळ, ताणणाऱ्या कापडासाठी बारीक दात्यांची कडी वापरतात आणि आत अस्तराची पट्टी देतात. जीनसारख्या जाड कापडाला दाते चालत नाहीत. तेथे भोक पाडून मधल्या खिळीने टोपी जखडावी लागते. पट्टीवर शिवण आडवी येत असेल, तर तिच्यावर बटण मुळीच बसवीत नाहीत. कारण अर्धे बटण चार पदरांवर आणि अर्धे दोन पदरांवर टेकले, तर दाब सारखा बसत नाही.

शेजारी तपासणीची खोली होती. तेथे झबल्याचे कापड खालच्या चिमट्यात आणि बटणाचा एक भाग वरच्या चिमट्यात धरून तबकडीकडे पाहत ओढतात. युरोपात खेळण्यांच्या सुरक्षिततेचे जे मानक आहे, त्यानुसार सहा मिलिमीटरहून मोठा भाग ९० न्यूटन, म्हणजे सुमारे नऊ किलो वजनाइतक्या ओढीने, दहा सेकंद ओढून धरला तरी सुटता कामा नये. त्याहून लहान भागासाठी ही ओढ ५० न्यूटनची. लहान मुलांच्या कपड्यांचे परदेशी खरेदीदार बहुधा हाच दंडक लावतात. तेथेच एक लहान पोकळ नळकांडे ठेवलेले होते. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. तीन वर्षांखालील मुलाच्या घशाचा अंदाज घेऊन हे माप ठरवलेले आहे. जी वस्तू त्यात पूर्ण मावते, ती त्या वयाच्या मुलाच्या हाती सुटी पडणे धोक्याचे. बटणे ‘लाइन’ या मापाने मोजतात, चाळीस लाइन म्हणजे एक इंच. चोवीस लाइनचे बटण म्हणजे सुमारे पंधरा मिलिमीटर. ते नळकांड्यात टाकले, तर तळाशी जाऊन पडते.

मी खिशातून माझे बटण काढले. तपासणीच्या प्रमुखांनी ते भिंगाखाली धरले आणि मिनिटभराने म्हणाले, “हे बटण निघालेले नाही. कापड निघालेले आहे.” चकतीच्या कडेचे धागे तुटलेले नव्हते, चिरलेले होते. एकपदरी पातळ होजिअरी, आत पट्टी नाही, दाब बेताबाहेर. त्यावर कळस म्हणजे बटण जाड कपड्याला शोभावे अशा कडक स्प्रिंगचे. झबले उघडताना प्रत्येक वेळी आई त्या चिरलेल्या वर्तुळाला आणखी थोडे ओढत होती. आपल्या भाषेत याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

शिंपीकाकांच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा ध्यानात आला. टिचबटणात दोन निरनिराळी बळे आहेत. एक, नर आणि मादी यांना एकमेकांपासून सोडवणारे. दुसरे, बटणाला कापडापासून उपटणारे. पहिले नेहमी दुसऱ्याहून पुष्कळ कमी असले पाहिजे. बटण सुटावे, पण निघू नये. पहिले बळ बटण करणारा ठरवतो. दुसरे मात्र कोणी एकटा ठरवीत नाही. ते बटण, कापड, अस्तर, डाय आणि प्रेसवरचा हात या सर्वांनी मिळून ठरते. बटणाच्या कारखान्यात ते निर्दोष असते, कापडाच्या गिरणीत कापड निर्दोष असते, आणि दोष जन्माला येतो तो दोहोंच्या भेटीत. आमच्या घरी बटण करणाऱ्याला दोष देणारे चुकले होते, आणि मी कोणालाच दोष दिला नव्हता, तोही चुकलोच होतो.

धातूच्या निवडीतही असेच दुहेरी विचार करावे लागतात. शिवताना मोडलेल्या सुईचा तुकडा कपड्यात राहू नये म्हणून लहान मुलांचे कपडे सुई शोधणाऱ्या यंत्रातून नेतात. ते यंत्र लोखंड ओळखते. बटणच लोखंडी पत्र्याचे असले, तर यंत्र प्रत्येक झबल्याला ओरडेल. म्हणून तेथे पितळेची बटणे बरी. पितळेवर चकाकीसाठी निकेलचा मुलामा देतात; पण निकेलमुळे काहींच्या त्वचेला खाज येते, पुरळ उठतो. जीनच्या विजारीच्या बटणामुळे बेंबीशी उठणारा चट्टा त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. म्हणून त्वचेला दीर्घकाळ लागून राहणाऱ्या धातूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, असे बंधन युरोपने घातले आहे.

सरकारी कामकाजाचा थोडाफार अनुभव असल्यामुळे मला आणखी एक गोष्ट जाणवली. जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ९६०६ या शीर्षाखाली टिचबटणाला स्वतःची जागा आहे. कर बसवताना आपण त्याला विसरत नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ते कधी कधी दोन नियमांच्या मध्ये पडते. अमेरिकेत लहान मुलांच्या वस्तूंतील बारीक भागांविषयी जो कडक नियम आहे, त्यातून मुलांचे कपडे आणि त्यांवरील बटणे स्पष्टपणे वगळलेली आहेत. आपल्याकडे २०२० मध्ये खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी आदेश निघाला, तो खेळण्यांपुरता. म्हणजे बाहुलीच्या झगल्याचे बटण नियमात येते, बाहुली खेळणाऱ्या मुलीच्या झग्याचे येत नाही. हे व्यंग म्हणून सांगत नाही. प्रत्येक वस्तूसाठी नियम करता येत नाही, आणि केला तरी प्रत्येक प्रेसपाशी निरीक्षक उभा करता येत नाही. ज्या बाई अंगठ्याने टोपी फिरवून पाहत होत्या, त्यांच्या अंगठ्यावर अखेर ही व्यवस्था उभी आहे. त्यांना तासाला किती नग उरकायचे आणि त्यांपैकी किती फिरवून पाहायला वेळ मिळतो, या प्रश्नाचा संबंध त्या मुठीतल्या बटणाशी सरळ आहे.

तोपर्यंत आपल्या हाती काही साध्या गोष्टी आहेत. लहान मुलाचा कपडा घेताना तो उलटा करून पाहावा. बटणाखाली दुसरा पदर किंवा पट्टी आहे की नाही, हे दिसते. टोपी अंगठ्याने फिरवावी. ती फिरता कामा नये. कडेचे कापड उजेडाकडे धरावे. बारीक छिद्रांची माळ दिसली, तर तो कपडा ठेवून द्यावा. उघडताना पट्टीचे टोक धरून हिसका देऊ नये. बटणाच्या अगदी लगत दोन्ही बाजू धरून सोडवावे. आणि दर धुण्यानंतर एकदा हात फिरवावा, कारण कापड दर धुण्याला थोडे थोडे विरते, धातू तेवढा विरत नाही.

आमच्या पाहुण्याच्या आईने त्या झबल्याची उरलेली तीन बटणे त्याच दिवशी काढून टाकली आणि तेथे बंद शिवले. आजीबाईंना समाधान वाटले. मीही त्यांना विरोध केला नाही. बंगळूरला जाऊन आल्यावर एवढेच सांगितले, की दोष बटणाचा नव्हता, जोडीचा होता. आणि पुढचे झबले घेताना ते आधी उलटे करून पाहा.